डाग कुठून आला

आमच्या नानीच्या लोखंडी पेटीत एक फोटो आहे. भिंतीवर तो कधीच लागला नाही. नानीच्या खोलीत काबा शरीफचे चित्र, एक कॅलेंडर आणि एक घड्याळ, एवढेच. जिथे नमाज होते तिथे माणसाची तसवीर नको, हा तिचा दंडक. म्हणून तिच्या वडिलांचा फोटो जुन्या ओढणीत गुंडाळून पेटीच्या तळाशी, कपड्यांखाली. दोन्ही ईदना ईदगाहवरून माणसे परतली की नानी पेटी उघडायची, ओढणी सोडायची, दोन मिनिटे फोटो पाहायची आणि पुन्हा गुंडाळून ठेवायची. आम्हा मुलांना तेवढ्यात जे दिसले ते दिसले. तपकिरी रंगाचा फोटो, शेरवानी, रूमी टोपी, आणि खांद्यापासून छातीवर उतरलेला एक मोठा पिवळट डाग.

वाचकांनी आमच्या या 'आम्ही'ला हसू नये. घरात 'हम' म्हणायची सवय आहे, तीच मराठीत उतरली. हा 'आम्ही' एकटाच माणूस आहे. कळमनुरीत राहणारा, बी.एड. करून उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवणारा एक साधा मास्तर.

त्या डागाबद्दल घरात प्रत्येकाचे वेगळे मत होते. मोठी खाला सांगायची, फोटो धान्याच्या कणगीत लपवला होता तेव्हा त्याला ओल लागली. एक दूरचे नातलग ईदला यायचे, ते आवाज खाली आणून म्हणायचे, ती ओल नव्हे, ते रक्त आहे. आमचा मामेभाऊ म्हणायचा, ती त्या दिवसांची निशाणी आहे, ती जाणार नाही. लहानपणी आम्ही रक्ताची गोष्टच खरी मानली. वर्गातल्या दोन-तीन दोस्तांना ती रंगवून सांगितलीही.

'ते दिवस' म्हणजे सप्टेंबर १९४८. आमच्या भागातल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. आमचे परनाना निजामाच्या राज्यात मुदर्रिस होते, म्हणजे आमच्यासारखेच मास्तर. १३ सप्टेंबरला भारताच्या फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती दिली. मराठवाडा मोकळा झाला. त्या दिवसाचे झेंडावंदन आमच्या शाळेतही दरवर्षी होते आणि आम्ही पोरांची रांग लावायला उभे असतो. रझाकारांनी केलेले जुलूम खरे होते. त्यांचा हिशेब पुढच्या दिवसांत ज्यांच्याकडून वसूल झाला, त्यांतल्या पुष्कळांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता, हेही खरे होते. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने त्याच वर्षाच्या अखेरीस गावोगाव फिरून अहवाल दिला. मेलेल्यांचा त्यांचा अंदाज २७ ते ४० हजारांचा होता. तो अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही, २०१३ च्या सुमारास तो वाचायला मिळू लागला. आमचे परनाना त्या दिवसांत बहिणीला आणायला म्हणून एका खेड्यावर गेले आणि परत आले नाहीत. नानी तेव्हा दहा वर्षांची होती. तिच्या आईने घरातला त्यांचा एकुलता एक फोटो, त्यात रूमी टोपी आहे म्हणून, ज्वारीच्या कणगीत खोल पुरला.

आता आम्हाला सांगायचे आहे ते त्या डागाचे. आणि त्यासाठी मामूंच्या स्टुडिओत जावे लागेल.

मामूंचा स्टुडिओ आमच्या कळमनुरीत रस्त्याकडेच्या एका खोलीत होता. पुढे पडदा, दोन दिवे, एक स्टूल. मागे चार बाय सहाची डार्करूम. त्या काळात उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याचा 'इंदू' कागद सगळीकडे चालायचा. कारखाना १९६० साली स्थापन झाला, १९६७ पासून माल देऊ लागला आणि आता तो बंद पडला आहे. मामूंकडेही इंदूचीच पाकिटे असायची. १९९९ च्या उन्हाळ्यात, परभणीतून वेगळा होऊन आमचा हिंगोली जिल्हा झाला त्याच मे महिन्यात, आम्ही मामूंच्या हाताखाली काम शिकू लागलो. लाल दिव्याच्या उजेडात कोरा कागद डेव्हलपरमध्ये सोडायचा, ट्रे हलवायचा आणि त्या कागदावर माणूस उमटताना पाहायचा. आम्हाला ती जादू वाटायची. मामू म्हणायचे, "भांजे, फोटो डेव्हलपर में बनती, मगर टिकती हायपो में."

हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट. खडीसाखरेसारखे स्फटिक. फोटोच्या कागदावर चांदीच्या क्षारांचा थर असतो. उजेड पडलेल्या जागी डेव्हलपर त्या क्षारांची काळी चांदी करतो, तेच आपले चित्र. उजेड न पडलेले क्षार तसेच कागदात राहतात. ते विरघळवून बाहेर काढणे हे हायपोचे काम. हायपोचा हा गुण जॉन हर्शेल यांनी १८१९ साली ओळखला आणि १८३९ मध्ये फोटोग्राफीच्या अगदी सुरुवातीलाच तो कामाला लावला. हायपो प्रत्येक कागदागणिक थकतो. त्यात चांदी साचत जाते आणि एका मर्यादेनंतर तो काम करीत नाही. पण वरून पाहून हे कळत नाही. थकलेल्या हायपोतून निघालेला फोटोही त्या दिवशी स्वच्छच दिसतो.

नानीचा असली फोटो झिजत चालला होता, तेव्हा १९८५ साली मामूंनी त्याच्यावरून निगेटिव्ह काढले आणि मोठ्या कागदावर नवा फोटो केला. असली फोटो पुढे दोन-तीन वर्षांत वाळवीने खाल्ला. पुराने आदमी का फोटो पुराना दिखना, म्हणून मामूंनी नव्या फोटोला सेपिया, म्हणजे तपकिरी रंग दिला. रंग देताना तो डाग आला. हे आम्ही मामूंच्याच तोंडून ऐकले, तेही एकदाच. "सल्फाइडच खराब निघाला," एवढे म्हणून ते गप्प झाले. त्यानंतर त्यांनी कधी कुठल्या फोटोला सेपिया रंग दिला नाही. पण घरात मात्र कणगी, ओल आणि रक्त याच गोष्टी चालू राहिल्या. नवा फोटो वेगळा आणि असली फोटो वेगळा, हे वीस-पंचवीस वर्षांत सगळे विसरून गेले.

२००७ च्या सुमारास स्टुडिओ बंद झाला. २०१८ साली मामू अल्लाहला प्यारे झाले. मामींनी एन्लार्जर, ट्रे आणि निगेटिव्हचा एक डबा आमच्याकडे दिला. तो दोन वर्षे आमच्या माळ्यावर पडून होता. २०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद झाली, मोबाइलवरचे तास संपले की दिवस मोकळा. तेव्हा आम्ही डबा उघडला. पासपोर्टच्या शेकडो निगेटिव्हमध्ये एका बटर पेपरच्या पाकिटावर मामूंच्या अक्षरात उर्दूत लिहिले होते, 'नाना अब्बा'.

आम्ही ते निगेटिव्ह ट्यूबलाइटसमोर धरले. निगेटिव्हमध्ये सगळे उलटे दिसते. काळी शेरवानी पांढुरकी, उजळ चेहरा काळा. असली फोटोवर छातीशी डाग असता तर तो निगेटिव्हमध्ये दिसायलाच हवा होता. आम्ही भिंग आणले. शेरवानीची बटणे मोजता येत होती. कापडाची वीण दिसत होती. डाग नव्हता.

म्हणजे कणगीतली ओल नाही. रक्त नाही. १९४८ नाही. डाग १९८५ साली, इथे, आमच्या मामूंच्या चार बाय सहाच्या खोलीत लागला होता.

त्या रात्री आम्ही मनात ठरवले की हा फोटो पुन्हा करायचा, आणि डाग कसा लागला तेही शोधायचे. वर्गात आम्ही पोरांना सांगतो, कारण शोधायचे तर एका वेळी एकच गोष्ट बदला. तेच स्वतःला सांगितले. कागद मुंबईहून मागवला, रसायने नांदेडहून.

सेपियाची रीत सोपी आहे. धुतलेला फोटो आधी ब्लीचमध्ये सोडायचा. एक लिटर पाण्यात पोटॅशियम फेरिसायनाइड आणि पोटॅशियम ब्रोमाइड, आम्ही दोन्ही तीस-तीस ग्रॅम घेतले. चित्र डोळ्यांदेखत फिके पिवळे होते, जवळजवळ नाहीसे होते. मग पाण्यात धुऊन सोडियम सल्फाइडच्या पातळ द्रवात टाकायचे. क्षणात चित्र तपकिरी होऊन परत येते. चांदीचे सिल्व्हर सल्फाइड झाले. हे मूळ चांदीपेक्षा टिकाऊ असते. सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो, तो वायू विषारी आहे. त्यात आम्ल कधी पडू द्यायचे नाही, काम उघड्या गच्चीवर करायचे आणि कोरा कागद तिथून दूर ठेवायचा, नाही तर त्या वायूनेच तो खराब होतो.

पहिला फोटो बिघडला. डाग आला नाही, उलट चेहराच उडाला. कपाळ, गाल, नाकाचा उजळ भाग, सगळे ब्लीचमध्ये गेले आणि सल्फाइडमध्ये परत आलेच नाही. दोन दिवस विचार केल्यावर कारण कळले. उन्हाळ्याचे दिवस, नळाला रोज पाणी नाही. आम्ही फोटो दोनच पाण्यांत धुतला होता. कागदात हायपो राहून गेला होता. हायपो आणि फेरिसायनाइड एकत्र आले की ते चांदीच खाऊन टाकतात. फोटोग्राफर लोक गडद फोटो उजळवायला हेच मिश्रण मुद्दाम वापरतात, १८८३ मध्ये हॉवर्ड फार्मर यांनी ते सांगितले म्हणून त्याला फार्मर्स रिड्यूसर म्हणतात. आम्ही ते नकळत तयार केले आणि परनानांचा चेहरा आमच्याच हाताने पुसला.

पुस्तके सांगतात की असा जाड कागद वाहत्या पाण्यात तासभर धुवावा. आमच्या मराठवाड्यात, जिथे २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे एका फोटोसाठी तासभर नळ सोडून बसणे आम्हाला जमणार नव्हते. जमले असते तरी हात धजला नसता. त्यावर उपाय आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात असे दिसून आले की खाऱ्या पाण्यात कागदातला हायपो लवकर सुटतो. त्यातूनच पुढे सोडियम सल्फाइटचा उपयोग आला. लिटरला वीस ग्रॅम सल्फाइट, त्यात दहा मिनिटे. मग घमेल्यात पाणी घ्यायचे, फोटो पाच मिनिटे बुडवायचा, पाणी पूर्ण बदलायचे. असे दहा वेळा. चार-पाच घागरींत काम होते. फोटो नुसता पाण्यात पडून राहिला तर धुतला जात नाही, पाणी बदलल्याने धुतला जातो.

दुसऱ्या फोटोत चेहरा राहिला, पण त्यावर निळे ठिपके आले. टोपीवर दोन, गालावर एक, शाईच्या शिंतोड्यासारखे. आम्ही रसायनांना दोष दिला. अगदी मामूंच्याच शब्दांत बायकोला म्हणालो, "माल खराब है." मग शाळेतला एक प्रयोग आठवला. लोखंडाचा खिळा फेरिसायनाइड घातलेल्या जेलीत ठेवला की जिथे गंज धरतो तिथे निळा रंग उमटतो. हा प्रयोग आम्ही दरवर्षी स्वतः करून दाखवतो आणि टाळ्या घेतो. मामूंचा जुना तामचिनीचा ट्रे उलटा करून पाहिला. कोपऱ्यात तामचिनी उडाली होती आणि खाली लोखंड गंजले होते. गंजाचा कण, फेरिसायनाइड, निळा ठिपका. आम्ही प्लास्टिकचे ट्रे आणले, मोटारीच्या लोखंडी पाइपातून येणारे पाणी फडक्यातून गाळून घेतले. निळे ठिपके थांबले.

तिसऱ्या फोटोत सगळीकडून हलकी पिवळी झाक राहिली. ब्लीचनंतर पाणी कमी बदलले होते, फेरिसायनाइड कागदात राहून गेले. घाई. दुसरे काही नाही.

या तिन्ही फोटोंत मामूंच्या डागासारखा डाग मात्र आला नाही. तेव्हा नानीला विचारून आम्ही तो जुना फोटो एका दुपारपुरता मागून घेतला. का हवा आहे, हे सांगितले नाही. उन्हात धरून पाहिला आणि एक गोष्ट पहिल्यांदा दिसली. चाळीस ईदना पाहूनही कोणाला दिसली नव्हती. डागाची एक कड सरळ होती. पट्टी लावून ओढावी तशी सरळ, खांद्यावरून तिरपी खाली. ओलीला सरळ कड नसते. रक्ताला तर नसतेच. सरळ कड कागदाची असते.

आम्ही जुना, थकलेला हायपो मुद्दाम ठेवला होता. त्यात दोन कागद एकत्र टाकले, एकाचा कोपरा दुसऱ्याला चिकटू दिला आणि ट्रे हलवला नाही. दोन्ही वरून स्वच्छ दिसत होते. धुतले, ब्लीच केले, तरी स्वच्छ. सल्फाइडमध्ये टाकले आणि जिथे कोपरा चिकटला होता तिथे पिवळट तपकिरी डाग उठला, एक कड सरळ. तोच डाग. चिकटलेल्या जागी हायपो पोचला नव्हता, चांदीचे क्षार कागदातच राहिले होते. ब्लीचला ते दिसले नाहीत. सल्फाइडने त्यांना रंग दिला. सल्फाइड खराब नव्हते. आधीच्या ट्रेमध्ये जे राहून गेले होते ते त्याने फक्त दाखवले.

आम्हा शिक्षकांना हे नवीन नाही. दहावीचा निकाल खाली आला की दहावीच्या मास्तरला बोलावतात. पोराचा भागाकार चौथीत कच्चा राहिला होता, हे कोणी पाहत नाही. दोष नेहमी शेवटच्या ट्रेला मिळतो.

आणि ही चूक एकट्या मामूंची नाही. फोटोग्राफी जेमतेम सोळा वर्षांची असताना, १८५५ साली, लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीने फोटो का फिके पडतात हे शोधायला एक समिती नेमली होती. समितीने सांगितले की मोठे कारण म्हणजे कागदात राहून गेलेला हायपो, म्हणजे धुलाईतली कसूर. आमच्याच निजामाच्या राज्यात राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांनी सहाव्या निजामाचे, मीर महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार म्हणून काम केले. त्यांचे जे फोटो आजही पाहायला मिळतात ते नुसत्या चांगल्या कॅमेऱ्यामुळे टिकलेले नाहीत. अंधारात कुणीतरी पाण्याच्या पिंपाशी उभे राहून ते नीट धुतलेले आहेत. त्या धुणाऱ्यांची नावे कुठे नाहीत.

काम पक्के झाले की नाही हे रंग देण्याआधी कळायची सोय आहे. ती मामूंना माहीत असती तर बरे झाले असते. ओल्या फोटोच्या कोऱ्या कडेवर पातळ सल्फाइडचा एक थेंब ठेवायचा, दोन-तीन मिनिटांनी टिपकागदाने टिपायचा. जागा मलईच्या रंगाहून गडद झाली तर चांदी आत आहे, पुन्हा ताज्या हायपोत टाका. तसाच सिल्व्हर नायट्रेट आणि ॲसिटिक ॲसिडचा एक थेंब. पिवळे तपकिरी झाले तर हायपो आत आहे, पुन्हा धुवा. सिल्व्हर नायट्रेट बोटाला लागले तर काळे होते आणि कित्येक दिवस जात नाही. मतदानाच्या शाईत तेच असते. १९६२ च्या निवडणुकीपासून म्हैसूरच्या कारखान्याची ती शाई आपल्या बोटांवर आहे. आमच्या तर्जनीला त्या महिन्यात असा डाग पडला की शेजारी विचारू लागले, निवडणूक कधी झाली?

चौथा फोटो आम्ही दोन वेगवेगळ्या ताज्या हायपोत पाच-पाच मिनिटे ठेवला. एकटाच, चिमट्याने धरून, सारखा हलवत. सल्फाइट, दहा पाणी, दोन्ही थेंब, मग ब्लीच, पुन्हा पाणी, मग सल्फाइड. संध्याकाळी गच्चीवर दोरीला लावला. मगरीबची अजान झाली तेव्हा तो वाळत होता. परनाना पूर्ण होते. शेरवानीची सातही बटणे दिसत होती.

मामूंचा राग यावा असे काही उरले नव्हते. ती तारीख आम्ही काढली. १९८५ ची रमजान ईद जूनच्या तिसऱ्या आठवड्यात होती. जून म्हणजे शाळा-कॉलेजच्या प्रवेशाचे दिवस, फॉर्मवर लावायच्या पासपोर्ट फोटोंची झुंबड. त्याच हायपोतून शेकडो लहान फोटो गेले असणार. चांदरातीला गिऱ्हाईक संपल्यावर, दिवसभराच्या रोजानंतर, आईला ईदची भेट द्यायची म्हणून त्यांनी हा फोटो केला. कागद महाग, म्हणून हात राखून दोनच काढले असतील. ते दोन एकमेकांना चिकटले.

नवा फोटो नानीला दाखवायला आम्ही दोन महिने घाबरत होतो. ईदला घरात इतक्या वर्षांत जे काही बोलले गेले, त्यातले एक खोटे ठरवणार होतो. 'रक्त नव्हते' म्हटले की 'काही झालेच नव्हते' असे ऐकू येईल, याची भीती. आमच्या लोकांच्या बाबतीत असे ऐकायला टपलेले कान कमी नाहीत. आणि नानीला वाटले की नातवाने बापाची शेवटची निशाणी पुसली, तर? २०२१ च्या बकरी ईदला सगळे जेवून पांगल्यावर आम्ही दोन्ही फोटो तिच्यासमोर ठेवले. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिला बरे दिसत होते. तिने नवा फोटो उचलला, खिडकीशी नेला, बराच वेळ पाहिला.

"हां. ये मेरे बावा है."

आम्ही धीर करून सगळे सांगितले. निगेटिव्ह, हायपो, चिकटलेला कागद. म्हणालो, नानी, असली फोटोवर दाग नव्हताच.

"मालूम है," नानी म्हणाली. "असली फोटो मैंने देखी थी ना. दाग कां था उसमें?"

"फिर आपने बोला क्यों नहीं? सब इतने साल क्या-क्या बोलते रहे."

"मेरे से किसने पूछा?"

आम्ही गप्प बसलो. या घरात तो असली फोटो लहानपणापासून पाहिलेले एकच माणूस हयात होते. आम्ही भिंग आणले, रसायने आणली, सव्वा वर्ष घालवले, आणि त्या माणसाला विचारायचे कोणाला सुचले नाही. आमच्या खालांना नाही, पाहुण्यांना नाही, विज्ञानाच्या मास्तरला नाही.

थोड्या वेळाने नानीच म्हणाली, "तेरे मामू ने चांदरात को सोए बगैर बनाई थी. ईद के दिन माँ अपने बच्चे कू क्या बोलती? दाग लगा दिया बोलके?"

मग तिने आणखी एक गोष्ट सांगितली, जी घरात कोणी ऐकली नव्हती. फोटो हैदराबादला काढला होता, परनाना कामासाठी गेले असताना. ते घरी नेहमी साधी टोपी घालत. रूमी टोपी त्यांच्याकडे नव्हतीच. "वो टोपी स्टुडिओवाले की थी. खुंटी पे टंगी रहती थी, जो आया उसको पहनाता था. बावा घर आ के हँसते थे, बोलते थे, मैं तो नवाब लग रहा." ज्या टोपीच्या भीतीने तिच्या आईने फोटो कणगीत पुरला, ती टोपी एका अनोळखी फोटोग्राफरची होती.

आम्ही विचारले, जुना फोटो ठेवायचा का? नानीने आमच्याकडे असे पाहिले की पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही. "दोनों रख. एक में मेरे बावा है, एक में मेरा बेटा है."

दोन्ही फोटो आता त्याच ओढणीत आहेत. ठेवण्याआधी आम्ही मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने, दोन्हींच्या पाठीवर उर्दूत लिहिले. जुन्याच्या पाठीवर: हा डाग हायपोचा आहे, जून १९८५, चांदरात. नव्याच्या पाठीवर परनानांचे नाव, नानीचे नाव, आणि खाली: सप्टेंबर १९४८ मध्ये बहिणीला आणायला गेले, परत आले नाहीत. दोन हायपो, दहा पाणी. टोपी स्टुडिओची.